औषधाचा पहिला महिना

औषधांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा औषध कोणीं शोधलें, कोणत्या सालीं शोधलें व त्यानें कोणता रोग हटला, एवढें सांगून थांबतात. तें औषध घेणारा मनुष्य त्या दिवसांत काय करीत होता, त्यास निजावयास सवड होती कीं नव्हती, त्याच्या पोटाची तजवीज कोणीं केली होती, हे प्रश्न इतिहासकारास क्षुल्लक वाटतात. तापाच्या किंवा जखमेच्या औषधाविषयीं हे प्रश्न गौण मानले तरी एक वेळ चालेल. मनोविकारावरील औषधांविषयीं ते तसे मानतां येत नाहींत. या औषधांपैकीं पुष्कळांचा विशेष असा कीं, त्यांचा त्रास पहिल्या दोनचार दिवसांतच जाणवूं लागतो आणि पुरता गुण कांहीं आठवड्यांनंतर येतो. मधल्या काळांत रोग तसाच असतो, आणि त्यावर गुंगी, तोंडाची कोरड, हातांचा कंप, मळमळ किंवा अस्वस्थता यांची भर पडते. हा मधला काळ कोणाच्या खर्चानें काढावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आणि तो आम्ही बीड जिल्ह्याच्या उदाहरणावरून मांडणार आहों.

बीड जिल्हाच कां, असें वाचक विचारतील. मुकुंदराज व दासोपंत यांच्या अंबाजोगाईमुळें मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत ज्याला कायमचें स्थान मिळालें, तोच हा जिल्हा आज महाराष्ट्रांत ऊंस तोडणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळी झाली कीं, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून लाखों माणसें मुलेंबाळें व बैलें घेऊन बाहेर पडतात व पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या फडांवर जाऊन पोहोंचतात. तीं परततात तेव्हां चैत्र लागलेला असतो. सीमोल्लंघनाचा हा नवा अर्थ बालाघाटच्या कोरड्या डोंगररांगांनीं आपणांस शिकविला आहे. शरीरकष्टाचें व धाईचें याहून कठीण काम सांपडणें अवघड. आणि अशा कामांतल्या माणसास मनाचा आजार होतो, त्यास औषध सुरू करावें लागतें, ही गोष्ट आपल्या चर्चेंत जवळजवळ येतच नाहीं.

प्रथम औषधांकडे वळूं. उन्मादाचें निदान व चिकित्सा चरकसंहितेंत स्वतंत्र अध्यायांत सांगितलेली आहे, हें पुष्कळांस ठाऊक असतें. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर उपयोग होतो हें ज्ञान आपल्या देशांत, विशेषतः बिहाराकडे, लोकांत रूढ होतें. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब या दोहोंवर या मुळीचा गुण आधुनिक वैद्यकाच्या भाषेंत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीस सलीमुज्जमां सिद्दीकी यांनीं तिच्यांतील क्षारद्रव्यें वेगळीं काढलीं व हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ एकास अजमलिन हें नांव दिलें. १९४९ मध्यें मुंबईचे रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील सर्पगंधेविषयींचा लेख इंग्लंडांतील हृद्रोगाच्या नियतकालिकांत आला, आणि जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पिन काढलें. दोन वर्षांनीं अमेरिकेंत नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांस देऊन पाहिलें. पुढें असेंही दिसून आलें कीं, हेंच औषध रक्तदाबासाठीं घेणाऱ्या कांहीं लोकांस औदासीन्य जडतें. मुळीचा गुण संथ होता. ती घेणारा सुस्तावे, त्याचें नाक चोंदे, तो पडून राही. वैद्याच्या दारीं किंवा घरच्या ओसरीवर पडून राहणें शक्य होतें, तोंवर या सुस्तीची कोणी तक्रार केली नाहीं. किंबहुना तीच औषध लागू पडल्याची खूण मानली गेली.

यानंतरचीं आठदहा वर्षें मनोविकारवैद्यकाच्या इतिहासांत अपूर्व होत. १९५० च्या डिसेंबरांत फ्रान्समध्यें पॉल शार्पांतिये यांनीं क्लोरप्रोमाझिन तयार केलें. आंरी लाबोरी नांवाचे आरमारी शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या आधीं रोग्यास शांत ठेवण्यासाठीं तें वापरीत असतां, तें घेणारा झोंपत नाहीं पण सभोंवतालच्या गडबडीविषयीं उदासीन होतो, असें त्यांच्या ध्यानांत आलें. १९५२ मध्यें पॅरिसच्या सेंतआन रुग्णालयांत झां डिले व पिअर डेनिकर यांनीं त्याचा उपयोग उन्मादाच्या रुग्णांवर केला, आणि शतकानुशतकें बेड्यांवांचून दुसरा उपाय ज्यांच्यावर चालला नाहीं तीं माणसें शांतपणें बोलूं लागलीं. १९५७ सालीं स्वित्झर्लंडांतील म्यून्स्टरलिंगेन येथील रोलांट कून यांनीं इमिप्रामिन हें खिन्नतेवरचें औषध पुढें आणलें. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेंत परवानगी मिळालेलें फ्लुओक्झेटिन व त्याच्या वर्गांतील गोळ्या हा त्याच मार्गावरील पुढचा टप्पा होय.

या सर्व शोधांत एक समान गोष्ट आहे. सेंतआन काय किंवा म्यून्स्टरलिंगेन काय, औषधाची परीक्षा झाली ती रुग्णालयाच्या भिंतींआड, खाटेवर असलेल्या माणसावर. त्यास पहांटे उठून कोठें जावयाचें नव्हतें. त्यास चक्कर आली तर धरावयास परिचारिका होती. अन्न सरकारी होतें. मात्रा वाढविणें किंवा कमी करणें हें डॉक्टरांच्या रोजच्या फेरींत होत असे. पहिल्या महिन्याचा भार त्या संस्थेनें उचलला होता आणि म्हणूनच तो कोणास दिसला नाहीं. या इस्पितळांचे दोष थोडे नव्हते. त्यांनीं माणसांस आयुष्यभर कोंडून ठेवलें, हा त्यांचा मोठाच अपराध. तथापि एक वस्तु त्यांच्यापाशीं होती, ती म्हणजे वेळ. गोळी भिंतीबाहेर आली, गांवोगांव पोहोंचली. तो वेळ मात्र आंतच राहिला.

कामावर परतलेल्या माणसाची या औषधांच्या इतिहासांतील अगदीं पहिली हकीकत ऑस्ट्रेलियांतील आहे, आणि ती मोठी बोधप्रद आहे. मेलबर्नजवळ बुंदूरा येथें युद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या मनोरुग्णालयांत जॉन केड हे डॉक्टर होते. त्यांनीं लिथियमचे क्षार प्रथम स्वतः घेऊन पाहिले व २९ मार्च १९४८ रोजीं, पांच वर्षें सतत उन्मत्तावस्थेंत असलेल्या एका एकावन्न वर्षांच्या रुग्णास ते देण्यास आरंभ केला. कांहीं आठवड्यांत तो मनुष्य इतका सुधारला कीं, जुलै महिन्यांत त्यास घरीं पाठविलें, आणि तो आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. पुढें काय झालें? कामाच्या राहाटींत औषधाविषयीं त्याची हयगय होऊं लागली. मग तें सुटलेंच. आणि सहा महिन्यांच्या आंतबाहेर, १९४९ च्या जानेवारींत, तो पुन्हा त्याच रुग्णालयांत परत आला. औषध पुन्हा दिलें, पुन्हा गुण आला. परंतु रक्तांतील लिथियम मोजण्याची पद्धति तेव्हां रूढ नव्हती, आणि १९५० सालीं त्याच औषधाच्या विषबाधेनें त्याचा अंत झाला. केड यांचा निबंध १९४९ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाला. औषध गुणकारी असणें ही एक गोष्ट, आणि रोजच्या कामांत तें नियमानें व सुरक्षितपणें घेतां येणें ही दुसरी गोष्ट, हा धडा त्या पहिल्या रुग्णानेंच घालून दिला होता.

१९४८ हें वर्ष आमच्या विषयास आणखी दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षींच्या एप्रिलांत कामगार राज्य विमा कायदा झाला. कारखान्यांतील मजूर आजारी पडला तर त्यास औषधोपचार मिळावा, आणि कामावर न गेलेल्या दिवसांबद्दल मजुरीचा कांहीं भाग रोखीनें मिळावा, हें तत्त्व या देशांत त्या कायद्यानें प्रथम व्यापक प्रमाणावर मान्य केलें. पुढें दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांची जी यादी झाली तींत मनोविकारांचाही समावेश झाला. म्हणजे आम्ही ज्यास पहिला महिना म्हणतों, त्याचा खर्च समाजानें वांटून घ्यावा हा विचार आपल्या कायद्यास तेव्हांच सुचला होता. परंतु ज्या कारखान्यांचें काम केवळ हंगामापुरतें चालतें ते या कायद्याच्या बाहेर ठेवले गेले. आणि अशा हंगामी धंद्यांच्या यादींत साखर व गूळ यांचीं नांवें स्पष्टपणें घातलेलीं होतीं. कारखान्याच्या आंतला हंगामी मजूरच जेथें वगळला, तेथें कारखान्यापासून दहा कोसांवर फडांत उभ्या असलेल्या ऊंसतोड्याची गोष्ट कशास हवी!

दुसरी घटना त्याच वर्षाच्या १७ सप्टेंबरची. त्या दिवशीं हैदराबादच्या निजामानें शरणागति पत्करली, आणि बीडसह मराठवाडा स्वतंत्र भारतांत आला. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यास जोडला गेला व १९६० मध्यें महाराष्ट्राचा भाग झाला. याच संधिकालांत, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गाळप हंगाम. त्याच्या मागोमाग पाटबंधाऱ्यांच्या मुलखांत असे कारखाने पसरत गेले. त्यांस ऊंस तोडणारे हात हवे होते, आणि बालाघाटावरील अवर्षणग्रस्त गांवांत हातांस काम नव्हतें. १९७२ च्या दुष्काळानें ही वाट आणखी रुंद केली. सहकाराच्या या इतिहासाचा आपण योग्य तो अभिमान बाळगतों. त्या इतिहासाची दुसरी बाजू बीडच्या रिकाम्या, कुलुपबंद घरांत हिंवाळाभर पाहावयास मिळते.

आतां या मुलखांत मनोविकाराच्या उपचाराची सोय काय होती, तें पाहूं. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, इंग्लंडांत मनोरुग्णालयांतील एक खाट सुमारें तीनशें लोकांमागें असतांना हिंदुस्थानांत ती सुमारें चाळीस हजारांमागें एक होती. महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां त्याच्या वांट्यास येरवडा, ठाणें, रत्नागिरी व नागपूर येथील मोठीं मनोरुग्णालयें आलीं. यांपैकीं एकही मराठवाड्यांत नव्हतें. १९७४ सालीं अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि खेड्यांतील माणसास मोठ्या शहरीं न जातां तज्ज्ञ डॉक्टर भेटण्याचा मार्ग प्रथम उघडला. १९८२ मध्यें राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकांतील बेल्लारी जिल्ह्याच्या अनुभवावरून १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला व क्रमानें देशभर पसरला. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगांव येथें वृद्धत्व व मानसिक आजार यांसाठीं रुग्णालयाची वास्तु बांधली गेली. २०२० च्या साथींत ती कोविड रुग्णांकरितां कामीं आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें तर ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत आवश्यक यादींतील औषधें मनोरुग्णांस नेहमीं विनामूल्य मिळावींत, असा हक्कच दिला आहे. ही प्रगति लहान नाहीं. ज्या मुलखांत खाट कधींच पोहोंचली नव्हती, तेथें निदान कायद्यानें तरी गोळी पोहोंचली.

परंतु गोळी हातांत आल्यावर काय होतें, तें फडांत जाऊन पाहिलें पाहिजे. ऊंसतोडींत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. एकटें माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यांतच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या सहा महिन्यांच्या श्रमांवर. मजुरी टनावर. तोडलेला ऊंस उन्हांत पडून राहिला तर त्यांतील साखर घटते. म्हणून कारखान्यास घाई, कारखान्याची म्हणून मुकादमास घाई, आणि मुकादमाची म्हणून टोळीस घाई. पहांटेच्या अंधारांत फडावर जावयाचें, दिवसभर तोडून, वाढें छाटून मोळ्या बांधावयाच्या, आणि रात्रीं गाडी केव्हां येईल तेव्हां डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरावयाची. एक दिवस काम चुकलें तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

अशा टोळींतील एक बाई आपण कल्पूं. तिला झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, जगण्याची उमेद नाहीं. दवाखान्यांत खिन्नतेचें निदान झालें व रात्रीं घ्यावयाची गोळी मिळाली. जुन्या जातीच्या गोळीनें झोंप येते खरी, पण ती पहांटे चारास उतरत नाहीं. हातांत कोयता, पायाखालीं ऊंसाचीं धारदार खुंटें, आणि डोळ्यांवर गुंगी! नव्या जातीची गोळी दिली तर गुंगी कमी. पण पहिले कांहीं दिवस मळमळ, आणि एखाद्यास उलट बेचैनी. उन्मादाच्या रुग्णास क्लोरप्रोमाझिन दिलें तर उन्हानें कातडी भाजते, आणि वांकून एकदम उभें राहतां रक्तदाब उतरून घेरी येते; ऊंसतोडींत वांकणें व उठणें याखेरीज दुसरें आहेच काय? लिथियमची गोष्ट याहून नाजूक. घामावाटें पाणी व मीठ गेलें कीं, रक्तांतील त्याचें प्रमाण चढतें. अंगदुखीवर मजूर ज्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या सर्रास घेतात त्यांनींही तें चढतें. त्यासाठीं रक्त वेळोवेळीं तपासावें लागतें. आणि ज्यानें औषध सुरू केलें तो डॉक्टर अंबाजोगाईस, रुग्ण कोल्हापुराकडे किंवा कर्नाटकांत.

या परिस्थितींत ती बाई आठव्या दिवशीं गोळी सोडून देते. आपण सुशिक्षित लोक तिला अडाणी म्हणतों. वस्तुतः तिनें हिशेब केलेला असतो. गोळीचा तोटा आजच्या टनांत दिसतो. गुण महिन्यानंतर येणार, तोही येईल असें कोणी सांगितलेलें नसतें. गोळी घेऊन ती मागें पडली तर नवऱ्याचाही कोयता अर्धा होतो, आणि उचल फिटत नाहीं. आजार उघड झाला तर पुढच्या सालीं मुकादम उचल देईल कीं नाहीं, ही धास्ती वेगळीच. म्हणून डबींतील गोळी ती शक्तिवर्धक म्हणून सांगते किंवा लपविते. हयगय हा शब्द केडच्या रुग्णास कदाचित् लागू पडेल; हिला तो लावतांना जीभ अडखळावी.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, काम हेंच मनाचें औषध आहे. वेड्यांच्या इस्पितळांतही बागकाम, विणकाम करवीत असत, मग कामाची एवढी भीति कां? आक्षेपांत तथ्य आहे. रिकामपणानें मन अधिक खचतें, आणि बऱ्या होणाऱ्या माणसास कामावर परत गेल्याचा आनंद दुसऱ्या कशांतही मिळत नाहीं. परंतु इस्पितळाच्या बागेंतील काम रोग्याच्या शक्तीनें मोजलें जाई, फडांतील काम टनानें मोजलें जातें. रोग्यास कामापासून तोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. महिनाभर कामाचें माप त्याच्या शक्तीवर ठेवावें, एवढेंच म्हणणें आहे. दुसरा आक्षेप असा येईल कीं, एवढ्या अडचणी असतील तर औषध परत येईपर्यंत लांबणीवर टाकावें. हें तर फारच घातक. उपचाराविना राहिलेला मनोविकार औषधाच्या कोणत्याही त्रासाहून अधिक नासाडी करतो; त्यानें जीव जातात, संसार मोडतात. तसेंच एकदां लागू झालेलें औषध डॉक्टरांस न विचारतां एकाएकीं सोडणें हेंही अपायकारक होय.

आणि हा प्रश्न केवळ फडावरच्या माणसाचा आहे, असें समजून वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. कचेरींतील कारकून, शाळामास्तर, रात्रपाळीची परिचारिका, एस्टीचा चालक, यांच्यापैकीं कोणासही हें औषध सुरू करण्याची वेळ येते. त्यांस निदान हक्काची रजा असते. तरीही ते ती पोटदुखीच्या नांवावर काढतात, गोळ्या कपाटाच्या मागच्या कप्प्यांत ठेवतात, आणि जांभई आवरीत वरिष्ठांपुढें उभे राहतात. लपविण्याचा हा संस्कार आम्ही मध्यमवर्गीयांनींच रूढ केला आहे. ज्याला रजा आहे तो लाजेनें ती घेत नाहीं, आणि ज्याला ती हवी आहे त्याला ती नाहीं, अशी ही विपरीत स्थिति आहे.

मग उपाय काय? इतिहासांतच एक दिशा सांपडते. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर विद्यासागर यांनीं रुग्णांच्या नातलगांस रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकून राहूं दिलें. त्यामुळें रुग्ण लवकर बरे होऊन घरीं जाऊं लागले. आपलें कुटुंब हीच आपली मोठी शुश्रूषासंस्था आहे, हें त्यांनीं ओळखलें. पण तंबूंत राहणाऱ्या नातलगाचाही रोज बुडतोच, ही गोष्ट लक्षांत ठेवून पुढचें पाऊल टाकलें पाहिजे.

बीडच्या माणसाचें पंचांग वेगळें आहे. डॉक्टरांनीं तें वाचण्यास शिकावें. चैत्र-वैशाखांत टोळ्या परततात आणि दसऱ्यापर्यंत गांवीं असतात. जुना आजार असेल तर औषध सुरू करण्याचे, मात्रा बसविण्याचे, रक्त तपासण्याचे महिने ते हेच. "तुम्ही केव्हां जाणार आणि कोणत्या कारखान्यास?" हा प्रश्न चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं विचारला जावा. निघतांना पुरेल इतकें औषध व त्याचें नांव-मात्रा मराठींत लिहिलेला कागद बरोबर द्यावा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यांतील डॉक्टरास तें पुढें चालवितां येईल. कोणता त्रास आपोआप ओसरेल आणि कोणत्या त्रासासाठीं लगेच आलें पाहिजे, हें पहिल्याच दिवशीं सांगावें. गुण केव्हां येईल तेंही सांगावें. कागदावरची गोळी आणि समजावून दिलेली गोळी यांत फार अंतर आहे. फडावर असतां अडचण आली तर २०२२ पासून चालू झालेली टेलीमानस ही सरकारी दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठींत बोलते, हें मुकादमालाही ठाऊक असावें.

परंतु आजार पंचांग पाहून येत नाहीं. तो फडांतच उद्भवला तर त्या महिन्याचा खाडा कोणी भरावयाचा, हा मूळ प्रश्न राहतोच. ऊंसतोड कामगारांसाठीं राज्यानें गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें कल्याणकारी महामंडळ स्थापिलें आहे. औषध सुरू झाल्याची डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर पहिल्या महिन्यांत त्या कोयत्याचा खाडा धरूं नये, आणि बुडालेल्या मजुरीचा कांहीं भाग त्यास मिळावा, अशी व्यवस्था या मार्गानें करतां येईल. यांत नवें तत्त्व कांहीं नाहीं. १९४८ च्या कायद्यानें कारखान्यांतल्या मजुरास जें मान्य केलें तेंच फडांतल्या मजुरास मान्य करावयाचें आहे. त्यास इतकीं वर्षें लागलीं, याचेंच आश्चर्य वाटावें.

असो. ज्या वर्षीं केड यांनीं लिथियमची पहिली मात्रा दिली त्याच वर्षीं बीड स्वतंत्र झालें, आणि त्याच वर्षीं आजारी मजुराच्या रोजाची काळजी आपल्या कायद्यानें प्रथम वाहिली. या तीन वाटा एकाच सालीं निघाल्या, पण एकमेकींस अजून भेटल्या नाहींत. औषध बीडपर्यंत आलें आहे. स्वातंत्र्यही आलें आहे. राहिला आहे तो एक महिना. येत्या दसऱ्यास बालाघाट उतरून जाणाऱ्या टोळ्यांत कोणाच्या ना कोणाच्या गांठोड्यांत ती गोळ्यांची डबी असेल. ती फडापर्यंत पोहोंचावी, आणि आठव्या दिवशीं उंसाच्या पाचटांत फेंकली जाऊं नये, एवढी इच्छा दर्शवून हा लेख पुरा करतों.